ताटातला आकडा: वजन उतरवू पाहणाऱ्या गटाच्या प्रकल्प नोंदी (जून ते नोव्हेंबर २०२५)

९ जून

तीस वर्षांवरच्यांची तपासणी संपली. सीबॅक फॉर्ममध्ये (आजारांचा धोका तपासायच्या सरकारी प्रश्नावलीत) कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या बायांची संख्या सिस्टरला आणि मला वाटली होती त्याहून बरीच जास्त निघाली. मागणी त्यांच्याकडूनच आली. "मॅडम, फिराले जा, तेल कमी करा हे सारं आयकलं. किती खाऊ थे सांगा ना." प्रश्न रास्त आहे, आणि 'कमी खा' हे त्याचं उत्तर नव्हे.

गावात उत्तर म्हणून सध्या एकच आकडा फिरतो आहे: १२००. कुणाच्या तरी मोबाइलवर आला आणि घरोघरी पोचला. किराणा दुकानात बसणाऱ्या काकूंनाही १२००, रोज निंदायला जाणाऱ्या ताईलाही १२००, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या भाऊंनाही तेवढेच. प्रकल्पाचं काम इथूनच ठरलं. ज्याचा त्याचा आकडा काढायचा, तो वाटी-पळीत उतरवायचा, आणि पऱ्हाटी (कापूस) वेचून होईपर्यंत टिकतो का ते बघायचं.

बोलण्यात आपण कॅलरी म्हणतो तिथे तक्त्यात किलोकॅलरी असतं. नोंदींतही कॅलरीच लिहीन.

१२ जून

आधी कोणाला आकडा द्यायचा नाही ते ठरवलं. गरोदर बाई नको. अंगावर पाजणारी तर नकोच, पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. टीबीचं औषध सुरू असलेलं कोणी नको. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटायचं. जेवण घटलं आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर एकदम खाली जाते. शाळेमागच्या आजी अशाच आहेत, त्यांना चिठ्ठी दिली.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वेगळी खूण केली. आपल्या विदर्भात ही बाब विसरून चालत नाही. एसएस (आईबाप दोघांकडून दोष आलेल्या) माणसाला पाणी कमी पडलं, उपास घडला तरी दुखण्याचा झटका येऊ शकतो. अशांना वजनाचा सल्ला डॉक्टरच देतील.

आणि एक पोरगी. वय २२, उंची १५८, वजन ५२ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २१ च्या आत. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, म्हणजे ही अगदी ठीक आहे. लग्न ठरलंय. आई म्हणाली, "थे लोकं म्हनते पोरगी आनखी बारीक पाह्यजे." पोरगी महिनाभर सकाळी पपई आणि रात्री काकडी खाऊन राहतेय. तिला आकडा दिला नाही. हिमोग्लोबिन तपासलं, ९.४ आलं. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दोन्ही वेळ वरण-भाकर सांगितली. आईला माझं बोलणं आवडलं नाही, हे दिसत होतं.

१९ जून

आकडे काढले. पद्धत दोन पायऱ्यांची. माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी शरीर जेवढं जाळतं तो बीएमआर. त्यासाठी मिफ्लिन-सेंट जिओर यांचं १९९० चं सूत्र वापरलं: वजनाची दहापट, त्यात उंचीची सव्वासहापट मिळवायची, वयाची पाचपट वजा करायची, आणि बाईसाठी आणखी १६१ वजा (पुरुषासाठी ५ अधिक). मग कामाचा गुणक. राष्ट्रीय पोषण संस्था बैठ्या कामाला १.४, मध्यमला १.८ आणि जड कामाला २.३ धरते.

दुकानवाल्या काकू: वय ४६, उंची १५२, वजन ७१. बीएमआर १२६९ आला. दिवसभर गल्ल्यावर बसणं, म्हणून १.४. रोजचा खर्च साधारण १७७५. त्यातून पावणेपाचशे काढले आणि १३०० लिहून दिले. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, त्या हिशेबानं आठवड्याला चारशे-साडेचारशे ग्रॅम उतरायला हवं. राष्ट्रीय पोषण संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही आठवड्याला अर्धा किलोच सुरक्षित मानतात. काकूंना तो वेग फारच कमी वाटला. त्यांच्या बहिणीनं महिन्यात आठ किलो उतरवले म्हणे. बहिणीला पुढे पित्ताशयात खडे झाले, हेही त्यांनीच सांगितलं. दोहोंचा संबंध असेलच असं तिला न बघता मी म्हणणार नाही. पण आठवड्याला दीड किलोच्या वर वजन घसरलं की खड्यांचा धोका वाढतो, हे पक्कं आहे.

निंदणाला जाणारी ताई: वय ३४, उंची १५५, वजन ६४. तिचा बीएमआर १२७८, काकूंच्या जवळपास तेवढाच. फरक सगळा कामाचा आहे. उन्हाळ्यात घरी होती तेव्हा गुणक १.५, खर्च १९००. आता निंदण सुरू झालं की १.८, खर्च २३००. म्हणजे त्याच बाईला मे महिन्यात १५०० सांगायचे आणि जुलैत १९००. तिनं मोबाइलवरचे १२०० धरले असते तर रोज ११०० ची तूट पडली असती, तीही उन्हात वाकून काम करताना.

ट्रॅक्टरवाले भाऊ: वय ४१, उंची १६८, वजन ८८. बीएमआर १७३०, गुणक १.५, खर्च सुमारे २६००. त्यांना २१०० दिले. ते हसले. "बाराशे लिहेल हाये ना मोबाईलात." मग त्यांना अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे रोज साधारण १५७० कॅलरींवर ठेवलं, आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. वजन चौथाईनं घटलं, पण पोरं चिडचिडी झाली, थंडीनं कुडकुडायला लागली, डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार राहिला नाही. त्या प्रयोगाला नावच अर्ध-उपासमारीचं आहे. पुरुषानं १२०० म्हणजे त्याहूनही खाली. भाऊ हसायचे थांबले, एवढं खरं.

तळ ठरवून टाकला. बाईला १२०० च्या खाली नाही, पुरुषाला १५०० च्या खाली नाही, हिशेब काहीही येवो. याहून कमी अन्नात प्रथिनं, लोह, कॅल्शियम बसवणं घरच्या स्वयंपाकात जमत नाही. आठशेच्या खालचा आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणी करूच नये.

२७ जून

आकडा दिला, पण ताटात कॅलरी दिसत नाही. छोटा वजनकाटा घेऊन घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी गेलो. आशाताई सोबत होत्या, त्यामुळे चुलीपर्यंत जाता आलं.

पहिलाच धडा भाकरीनं दिला. 'दोन भाकरी खाते' याला काही अर्थ नाही. एका घरी भाकरीला ५५ ग्रॅम पीठ, तर दुसऱ्या घरी ११०. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ कॅलरी, म्हणजे एका घरची भाकर १८५ ची आणि दुसऱ्या घरची ३७० ची. दोघी बाया एकमेकींना सांगतात, मी दोनच खाते. दोघीही खरंच बोलतात. तक्त्यातून 'भाकर' हे माप काढून टाकलं. पीठ मोजायचं. प्रत्येकीच्या घरातली एक वाटी काट्यावर ठेवून ७० ग्रॅम पिठाला आतून नेलपॉलिशची रेघ ओढून दिली. रेघेपर्यंत एक माप, २३५ कॅलरी.

तांदळाचंही तसंच. कच्चा तांदूळ १०० ग्रॅमला ३५० च्या वर, शिजलेला भात १०० ग्रॅमला १२०-१३०. मोबाइलवर कुणी कच्च्याचा आकडा शिजलेल्याला लावतं, कुणी उलट. आम्ही सगळं कच्चंच मोजणार. डाळ, तांदूळ, पीठ, सोयावडी, काहीही असो, गंजात पडायच्या आधीचं वजन धरायचं.

३ जुलै

तेल. या नोंदीत जरा रेंगाळते, कारण निम्मं उत्तर इथेच आहे.

ताटात तेल किती गेलं हे विचारून कळत नाही. कोणीही 'थोडंसं' म्हणतं. म्हणून उलटा हिशेब केला: महिन्याला घरात तेल किती येतं आणि खाणारी तोंडं किती. काकूंचं घर चार माणसांचं, तेल आठ लिटर. लिटरचं वजन ९१० ग्रॅम धरलं तर माणशी रोज ६० ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोज साडेपाचशे नुसत्या तेलाच्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरींच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. काकूंची रोजची जी तूट आम्हाला हवी होती, ती जवळपास पूर्ण या डब्यातच निघते. भाकरीला हातही लावायची गरज नाही.

त्या ऐकून घेतात, पण पटत नाही. "तेल नाई टाकलं तं भाजीले चव येत नाई, बाई." खरं आहे. आपल्याकडे रश्श्यावर तर्री दिसली नाही तर पाहुणा काय म्हणेल याची काळजी आधी. वांग्याची भाजी, पातोडी रस्सा, आलुबोंडा, मुंगवडे, आठवड्यात यातलं काहीतरी असतंच. मी तळण बंद करा म्हटलं नाही. पळीला खूण केली. फोडणीला माणशी एक छोटा चमचा, म्हणजे ४०-४५ कॅलरी, आणि ठेचा, सांबार (कोथिंबीर), लसूण, जवसाची चटणी हवी तेवढी तिखट. फक्त चटणीत वरून तेल नाही. फल्लीदाणे (शेंगदाणे) मोजून. एक मूठ, तीस ग्रॅम, दीडशेच्या वर जाते आणि गप्पांत तीन मुठी कधी झाल्या ते कळत नाही.

चहा: म्हशीचं पन्नास मिली दूध आणि दोन चमचे साखर धरली तर एक कप नव्वदच्या आसपास. काकू दुकानात पाच-सहा घेतात, गिऱ्हाइकासोबत. त्या खात नाहीत असं त्यांना मनापासून वाटतं, आणि अन्न म्हणून बघितलं तर ते खरंही आहे. दोन कप, एक चमचा साखर, असं ठरलं.

भाऊंचा चहा नाही, दुसरं आहे. घरच्यांसमोर विचारलं नाही, बाहेर रस्त्यावर विचारलं. दारूच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ४२५ कॅलरी असतात, सोबतचा चिवडा वेगळा. त्यांना हा आकडा माहीतच नव्हता. "पान्यासारखी तं असते थे."

८ जुलै

काकूंचं दिवसाचं ताट कागदावर उतरलं. ज्वारीचं पीठ दोन मापं, १४० ग्रॅम. तूर-मुगाची डाळ ६० ग्रॅम, तीही पातळ पाण्यासारखी नाही, घट्ट. सोयावडी २५ ग्रॅम. पालेभाजी आणि दोडकी, वांगी, भेंडी मिळून ४०० ग्रॅमपर्यंत. तेल तीन छोटे चमचे, दही एक वाटी, फल्लीदाण्याची कोरडी चटणी चमचाभर, चहा दोन. सगळं मिळून १२७० च्या आसपास आणि प्रथिनं ५५ ते ६० ग्रॅम.

प्रथिनं हाच या कामातला अवघड भाग आहे. दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम ही नेहमीची शिफारस. जेवण घटवताना त्याच्या खाली गेलं की चरबीसोबत मांसही झडतं. बाया वजन उतरवायचं म्हटलं की पहिल्यांदा वरण सोडतात आणि चहा-बिस्किटावर दुपार काढतात. जे ठेवायचं तेच टाकून देतात. शिवाय महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आहे, त्यांचं जेवण आंधळेपणानं कापता येत नाही.

सोयावडीवर हशा झाला. सोयाबीन आपण पेरतो, सोंगतो आणि बाजार समितीत नेऊन टाकतो. घरात कोणी शिजवत नाही. मात्र २५ ग्रॅम वडीत १३ ग्रॅम प्रथिनं आणि पंच्याऐंशीच कॅलरी, या भावात दुसरं काही मिळत नाही. अंडं चालणाऱ्या घरात दोन अंडी.

२४ जुलै

वजनाची पहिली फेरी. काकू १.५ किलोनं कमी, ताई ०.८, भाऊ २.३. आनंद झाला, पण फळ्यावर लिहिलं नाही. पहिल्या पंधरवड्यात पाणीच जास्त जातं, आणि ही घसरण पुढेही राहील असं समजलं की ऑगस्टमध्ये सगळे रुसतात.

काट्याची जागा बदलली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तो भलतंच दाखवत होता. आता उपकेंद्राच्या फरशीवर, सकाळी, काही खाण्याआधी, चपला काढून. पावसानं भिजलेलं लुगडं असेल तर दुसऱ्या दिवशी या. पाळीच्या दिवसांत एखादा किलो वर जातो, तो आकडा लिहायचा पण त्यावर बोलायचं नाही.

१४ ऑगस्ट

काकू अडकल्या. सुरुवातीपासून २.९ किलो कमी, पण गेले काही दिवस काटा हललेला नाही. त्यांनी मनानंच रात्रीचं जेवण बंद केलं होतं. सून बोलली म्हणून कळलं.

त्यांना समजावलं ते इथे लिहून ठेवते. ७७०० चा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही घटतो. केव्हिन हॉल या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं आहे: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजची गरज वीस-पंचवीस कॅलरींनी खाली येते. म्हणजे काकूंची तूट आता पावणेपाचशे नाही, चारशेच्या थोडी वर आहे. वेग मंदावणारच. पण पूर्ण थांबायला नको होता. म्हणून पुन्हा तेलाचा डबा बघितला. पाव्हणे येऊन गेले होते, महिन्याचे आठ लिटर परत आठच झाले होते.

ताटाचा आकडा कमी केला नाही. १३०० वरून १२०० केलं तरी मिळकत थोडी आणि भूक फार. त्याऐवजी संध्याकाळी दुकान सुनेकडे देऊन मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, पाऊण तास. रात्रीचं जेवण सुरू. सुनेला पळी दिली.

ताईचं वेगळं. तिनं १९०० पाळलेच नाहीत. वावरात दुपारी डबा उघडायला वेळ मिळत नाही म्हणून १५०० च्या आत राहिली आणि मागच्या हप्त्यात धुऱ्यावर भोवळ येऊन बसली. बीपी १००/६०. तिला वजनाबद्दल काही बोलले नाही. डब्यात एक माप पिठाची भाकर आणि घट्ट पिठलं जास्तीचं, सोबत मीठ-लिंबाचं पाणी. मुकादमाशी आशाताई बोलल्या, दुपारी जेवायला अर्धा तास मिळेल असं ठरलं.

३ सप्टेंबर

महालक्ष्म्या झाल्या. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी, वडे. त्या दिवसाचा हिशेब कोणीही करायचा नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं. काहीजणींनी तरी केला आणि दुसऱ्या दिवशी उपास धरला. ते नको. एका दिवसाच्या जेवणानं काटा किलो-दीड किलो वर जातो, त्यात बहुतेक मीठ-पाणी असतं, चार दिवसांत खाली येतं.

२५ सप्टेंबर

नवरात्र बसलं. 'उपासानं वजन उतरते ना मॅडम', हा प्रश्न दारातच. साबुदाण्याची खिचडी काट्यावर घेतली: साबुदाणा ६०, फल्लीदाणे २५, तेल १०. सव्वाचारशे ते साडेचारशे कॅलरी, आणि दाण्यांचं सोडलं तर प्रथिनं जवळपास नाहीतच. अशा दोन थाळ्या, वर केळी, चहा. नेहमीच्या जेवणाइतकंच झालं, फक्त डाळ गेली. भगर, ताक, दही, राजगिरा घ्या आणि खिचडी एकदा, यावर तडजोड झाली. नुसत्या चहा-पाण्यावर राहणाऱ्या दोघींना सोडवणं जमलं नाही. त्यांना पाणी किती प्यायचं तेवढं सांगितलं आणि वावरात जाऊ नका म्हटलं. एक गेलीच.

३० ऑक्टोबर

दिवाळी सरली. काकू ६६.९. कंबर तीन सेंटिमीटरनं कमी, आणि माझ्या मते वजनापेक्षा हेच महत्त्वाचं. चाराहून थोडे जास्त किलो गेले, म्हणजे ७१ च्या पाच टक्क्यांच्या पुढे. एवढ्यानंही साखर आणि रक्तदाबावर फरक दिसतो. पोषण संस्थेचा अर्धा किलोचा वेग वरची मर्यादा आहे, गाठायलाच हवी अशी नाही.

भाऊ ८४ वर. क्वार्टर 'शनवारपुरती' आली आहे असं ते म्हणतात. लिहून घेतलं.

लग्न ठरलेल्या पोरीचं हिमोग्लोबिन १०.८. वजन ५३ झालं, आई अजून नाराज आहे.

१७ नोव्हेंबर

वेचणी जोरात. सकाळी सात ते सांज, पाठीला ओझं, आणि मजुरी किलोवर. ताई म्हणाली, "आता कमी खानं जमत नाई, मॅडम, हात चालत नाई." जमायलाही नको. तिचा आकडा २३०० केला, म्हणजे तूट शून्य. वेचणी संपेपर्यंत वजन राखायचं, कमी करायचं नाही. तक्त्यात तिच्या नावापुढे 'थांबा' लिहिलं तेव्हा तिला वाटलं गटातून काढलं. तसं नाही, मजुरी करणाऱ्या प्रत्येकीच्या कागदावर आता दोन रकाने आहेत: कामाचे महिने आणि बसलेले महिने. उरलेलं वजन फेब्रुवारी ते मे या काळात उतरवू, तेव्हा १५०० झेपतात.

याच कारणानं गटाचा एकच तक्ता छापून द्यायची सूचना मी नाकारली. छापील कागदावर एकच आकडा उरतो आणि तो पुन्हा मोबाइलवर जातो.

शाळेमागच्या आजींची गोळी डॉक्टरांनी कमी केली, आता त्यांना आकडा देता येईल. वय ६३, चालणं कमी, हिशेब १२०० च्या खाली येतोय. तळ १२०० च ठेवायचा आणि वजनाची घाई करायची नाही, असं डॉक्टरांशी बोलून ठरलं.

बाकी कामं: तुरीचे सोले आले की सोललेले मोजून डाळीच्या रकान्यात घालणे. हुरड्याचंही माप हवं. संक्रांतीच्या आधी सगळ्यांच्या वाट्यांवरच्या रेघा तपासणे, घासून घासून नेलपॉलिश निघालं आहे.